अण्णांना नाचाच्या वर्गाला घालावं का?

निशिगंध (धागाकर्ती)
मंडळी, सल्ला हवाय. आणि थोडा धीरही.

सासऱ्यांना (आम्ही सगळे अण्णाच म्हणतो) पार्किन्सन्स होऊन साडेचार वर्षं झाली. वय ७२, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. उजवा हात कापतो, पण त्याचा त्यांना फारसा जाच नाही. कप डाव्या हाताने धरायचा हे त्यांनी कधीच ठरवून टाकलंय. खरा त्रास पाय अडण्याचा. हॉलमधून स्वयंपाकघराच्या दारात आले की पाय फरशीला चिकटतात. वरचं अंग पुढे निघालेलं, पाय मागेच. दोनदा पडले, दुसऱ्यांदा मनगटाला प्लास्टर.

घरी फिजिओ यायचे. तीन महिने झाले आणि अण्णा मला आतून खुणा करायला लागले, "झोपलेत म्हणून सांग." आता आमच्या भागात दर शनिवारी सकाळी एक नाचाचा वर्ग सुरू झालाय, सगळ्यांसाठी. पार्किन्सन्सवाले सहा-सात जण, दोघी व्हीलचेअरवर, त्यांच्या घरचे आणि कॉलेजातली चार मुलं. शिकवणारी मुलगी समकालीन नृत्य शिकलेली आहे, स्वतःला थेरपिस्ट म्हणवत नाही. मी एकदा बसून पाहिलं. मला आवडलं, का ते नीट सांगता येत नाही.

नवरोबांचं म्हणणं, "अण्णांचा तमाशा करू नकोस." आणि अण्णा म्हणाले, "मी आयुष्यात गणपतीच्या मिरवणुकीत नाचलो नाही. आता हातपाय आपले आपण नाचतात तेवढं पुरे."

याचा खरंच उपयोग होतो, की नुसतं बरं वाटतं? आणि होत असेल तर या माणसाला तिथे न्यायचं कसं?

बंडोपंत
अण्णांचं वाक्य फ्रेम करून लावा. आम्ही अण्णांच्या बाजूने.

फिजिओताई
निशिगंध, उपयोग होतो. का होतो ते सांगते, म्हणजे नवरोबांनाही सांगता येईल.

चालणं आपल्याला पाढ्यासारखं पाठ असतं. दोन पाचे दहा म्हणताना आपण बेरीज करत नाही, तसंच पाय उचलताना विचार करत नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि नेमका हा पाठ असलेला भाग बिघडतो. पण बाहेरून ठोका मिळाला, जमिनीवर रेघ दिसली, समोर कुणाची तरी हालचाल दिसली, की मेंदू वेगळ्या वाटेने तेच काम करून घेतो. म्हणूनच सपाट फरशीवर अडणारा माणूस जिना मात्र सरळ चढून जातो. घरच्यांना वाटतं नाटक करतोय. नाटक नसतं हो ते.

नाचात ठोका आहे, रेघ आहे, समोर माणूस आहे. शिवाय वळणं, मागे जाणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणं. मी जे वीस मिनिटं 'आणखी दहा वेळा, काका' म्हणत करून घेते, ते तिथे तासभर होतं आणि कुणी 'झोपलेत' म्हणून निरोप पाठवत नाही. :)

आता काळजीचं. गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेत वर्ग येतो ना ते पाहा. गोळी लिव्होडोपाची (डोपामीनची उणीव भरून काढणारी) असेल तर भरपूर प्रथिनांच्या जेवणाबरोबर ती नीट शोषली जात नाही, तेव्हा निघताना अंडी-पनीर खाऊ घालून नेऊ नका. सुरुवात खुर्चीत बसूनच व्हायला हवी. उठताना बीपी पडतं का ते विचारा. पायमोजे घालून फरशीवर अजिबात नाही. आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

स्वयंपाकघराच्या दारात आजच एक रंगीत चिकटपट्टी आडवी लावा. 'चाला' म्हणू नका, 'पट्टी ओलांडा' म्हणा.

शंकासूर
विरोधासाठी विरोध नाही, पण हल्ली चित्र काढलं की थेरपी, माती मळली की थेरपी, हसलं की थेरपी. नाचाने पार्किन्सन्स थांबतो याला पुरावा काय? वयस्कर माणसाला आशा दाखवून फी घेणं सोपं असतं.

परदेशी_पाहुणा
शंकासूर, थांबतो असं कुणी म्हटलेलं दिसलं नाही वर.

मी न्यू जर्सीत असतो. ब्रुकलिनला मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेत २००१ पासून असा वर्ग चालतो. तिथल्या पार्किन्सन्स गटाच्या ऑली वेस्टहाइमर यांनी नर्तकांकडे मागणी केली, की आमच्या लोकांना व्यायाम नको, नाच शिकवा. त्यांचं म्हणणं असं, की नर्तक आयुष्यभर तेच शिकत असतात जे पार्किन्सन्सच्या माणसाला हवं असतं: हालचालीकडे लक्ष कसं द्यायचं, तोल कसा राखायचा, ताल कसा धरायचा. माझे शेजारी तिथे जायचे म्हणून एकदा सोबत गेलो. पियानो प्रत्यक्ष वाजत होता. कोण पेशंट, कोण सोबत आलेलं आणि कोण स्वयंसेवक हे पहिली दहा मिनिटं मला कळलं नाही. मलाही खुर्चीवर बसवून हात हलवायला लावले. कडेला बसून बघायची सोयच नाही.

आपल्या पुण्यात ऋषिकेश पवार यांनीही पार्किन्सन्सच्या मंडळींबरोबर समकालीन नृत्याचं असंच काम केलंय. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात चौकशी करा, अनुभवी माणसं भेटतील.

पुराव्याबद्दल: अमेरिकेत सेंट लुइसला हॅकनी आणि एअरहार्ट या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या ५८ जणांचे तीन गट केले. एकाला टँगो, एकाला वॉल्ट्झ-फॉक्सट्रॉट, एकाला काही नाही. आठवड्यातून दोनदा एक तास, १३ आठवड्यांत २० वर्ग. २००९ साली निष्कर्ष छापून आले. दोन्ही नाचवाल्यांचा तोल सुधारला, टँगोवाल्यांचा काही बाबतीत जास्त. टँगोत मागे चालावं लागतं, मध्येच थांबावं लागतं, पुन्हा सुरू करावं लागतं.

शंकासूर
५८ म्हणजे किती हो? एका एसटीत बसतील. आणि आपण नाचलो की नाही हे नाचणाऱ्यापासून लपवून ठेवता येत नाही, त्यामुळे गोळीची चाचणी होते तशी ही होऊच शकत नाही. तरी मान्य, काहीच नसण्यापेक्षा बरं. तोल सुधारतो इतकंच म्हणा, मी सही करतो.

बंडोपंत
५८ एका एसटीत? तुम्ही गौरी-गणपतीत कोकणात गेलेला नाहीत. नव्वद बसतात.

चाकावरची_आई
मी एरवी फक्त वाचते, आज लिहिते.

माझी लेक १४ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर. चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगला तिला नाचात घेतलं म्हणून आम्ही पेढे वाटले होते. प्रत्यक्षात तिला चंदेरी कागद लावून मधोमध उभी केली, म्हणजे बसवली, आणि बाकीच्या मुली भोवती नाचल्या. चंद्र होती ती. सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या, निवेदिकेचा गळा दाटून आला. घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, मी काहीच केलं नाही. मग टाळ्या कशाला वाजवल्या?"

मला उत्तर देता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका वर्गात गेलो. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी तिला विचारलं, "तुझी खुर्ची वळते कशी, दाखव." हिने एक चाक धरून ठेवलं, दुसरं ढकललं आणि जागच्या जागी गर्रकन फिरली. बाई बाकीच्या मुलांना म्हणाल्या, "आता हे पायांनी करून दाखवा." मुलं एक टाच रोवून फिरायला लागली. दोघं पडली. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लेकीची स्टेप दुसऱ्यांनी शिकली.

निशिगंध, वर्ग चांगला की वाईट हे मी यावरूनच ठरवते. तिथे अण्णांकडून कुणी काही शिकतं का ते बघा.

केतकी_लंडन
चाकावरची_आई, वाचून गप्प बसले थोडा वेळ.

इथली कँडोको ही नृत्यसंस्था याच विचारावर १९९१ मध्ये सुरू झाली. सेलेस्ट डँडेकर या नर्तिकेला १९७३ मध्ये प्रयोग चालू असताना रंगमंचावरच पाठीच्या कण्याला इजा झाली. पुढे त्यांनी अॅडम बेंजामिन यांच्याबरोबर ही संस्था काढली. अपंग आणि अपंग नसलेले नर्तक एकत्र, आणि तिकीट काढून बघायचा प्रयोग. दया वगैरे नाही. समीक्षक नावडलं तर नावडलं लिहितात.

मोगरा_७४
आपल्याकडे सुधा चंद्रन यांचं उदाहरण आहेच की. १९८१ च्या अपघातानंतर पाय गेला आणि जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यम! जिद्द असली की सगळं होतं. बिचाऱ्या मूकबधिर मुलांनाही नाचताना पाहिलंय मी, डोळ्यांत पाणी येतं अगदी.

टोल_बडव्या
मोगराताई, राग मानू नका. मी स्वतः जन्मापासून कर्णबधिर. 'मूक' नाही, चांगला भांडतो, बायकोला विचारा. आणि 'बिचारा' तर मुळीच नाही, ढोलपथकात नववं वर्ष.

ढोल मला ऐकू येत नाही, पोटात लागतो. टिपरूचा बारीक आवाज नाही मिळत, पण टोल, म्हणजे जड ठोका, पडला की बरगडी सांगते. ताशाचं मात्र काही कळत नाही, त्यासाठी समोरच्याच्या मनगटाकडे बघतो. लाकडी फळ्यांच्या स्टेजवर तळपायातून ताल येतो, फरशीवर येत नाही. म्हणून कर्णबधिर मुलांचा वर्ग घ्यायचा तर आधी जमीन बघा, मग जिद्द बघा.

समकालीन नर्तक अस्ताद देबू यांनी कोलकात्याच्या आणि चेन्नईच्या कर्णबधिर कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा एक प्रयोग पाहिलाय मी. कुणी कुणाला खुणा करताना दिसत नव्हतं, सगळे एका वेळी वळत होते. मी पूर्ण वेळ, हे मोजतात कसं, तेच शोधत बसलो. डोळ्यांत पाणी यायला वेळच मिळाला नाही.

बाकी डीजेसमोर माझी सोय उत्तम. कान तुम्हाला झाकावे लागतात.

मोगरा_७४
चूक झाली, शब्द मागे घेते. पण सुधाजींचं कौतुक मागे घेणार नाही!

टोल_बडव्या
घेऊच नका. फक्त त्यांच्याइतकी जिद्द नसलेल्या माणसालाही शनिवारी सकाळी नाचता यावं, एवढंच. रॅम्प आणि संडास असला की बऱ्याच जणांची जिद्द आपोआप वाढते.

फिजिओताई
+१. संडासाचा मुद्दा सोन्यासारखा. पार्किन्सन्सच्या लोकांनाही तेच पहिलं विचारायचं असतं आणि विचारायची लाज वाटते.

अभ्यासू
एक फरक नोंदवतो. नृत्यवर्ग आणि नृत्योपचार या दोन गोष्टी आहेत. उपचाराच्या बाजूचा इतिहास मॅरियन चेस यांच्यापर्यंत जातो, त्या १९४०च्या दशकात वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात काम करायच्या. आपल्याकडे कोलकाता संवेद या संस्थेने आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने मिळून त्याचा पदविका अभ्यासक्रम चालवला. तिथे मानसशास्त्र शिकावं लागतं, कारण माणूस हलायला लागला की आतलंही काही हलतं आणि ते सांभाळता यावं लागतं. धागाकर्तीच्या वर्गातली मुलगी स्वतःला थेरपिस्ट म्हणवत नाही, हे मला तिच्याबद्दल चांगलं वाटलं.

शंकासूर
मलाही. (सही.)

बंडोपंत
शंकासुराने एकाच धाग्यावर दोनदा सह्या केल्या. ॲडमिन, धागा वर चिकटवून ठेवा.

मांडावरची
धागा थोडा भरकटवते. आमच्या गोव्यात पौषात धालो असतात, म्हणजे बायकांची गाणी आणि ओळी करून नाच. त्यासाठी बायका मांडावर, गावातल्या ठरलेल्या अंगणात, जमतात. माझी आजी गुडघ्यांमुळे शेवटची काही वर्षं उभीच राहू शकायची नाही. तिला ओळीच्या टोकाला पाटावर बसवायच्या आणि गाणं तीच उचलायची. ओळ पुढे आली की तीही बसल्या बसल्या कमरेतून पुढे वाकायची. तेव्हा याला कुणी समावेशक वगैरे म्हटलं नव्हतं. तिच्याशिवाय गाणी कुणाला पूर्ण येत नव्हती, हे खरं कारण.

भाषावेडा
मांडावरचीने छान सांगितलं. त्यावरून एक सुचलं आणि ते अण्णांच्या कामाचं असू शकेल.

मराठी पुरुष 'नाचत' नाही. त्याला नाचायला वरात लागते आणि बहुधा बाटली. पण तोच माणूस वारीत पावली खेळतो. दिंडीत साठीचे बाप्ये एकमेकांचे हात धरून फुगडी खेळतात. लेझीम खेळतात, टिपऱ्या खेळतात. बायका झिम्मा खेळतात, मंगळागौर खेळतात, गरबासुद्धा खेळतात. क्रियापद बघा! अंगाने तालात जे करायचं, त्यातल्या बऱ्याचशाला आपण खेळणं म्हणतो. 'नाच' शब्दाला तमाशा, नाच्या, 'नाचक्की' असलं काय काय चिकटलंय. (नाचक्कीचा नाचाशी काही संबंध नाही, कानाला तो वाटतो एवढंच.)

निशिगंध, अण्णांना विचारा, शाळेत काय खेळायचात?

लेझीमवाली
वा! तीस वर्षं शाळेत लेझीम शिकवली. त्या पिढीतला मुलगा लेझीम न खेळता शाळेतून सुटलाय हे अवघड आहे. चार ठोके, एक-दोन खाली वाकून, तीन-चार वर. विसरत नाही ते. माझे जुने विद्यार्थी, आता टकले झालेले, हातात लेझीम दिली की आपोआप डावा पाय पुढे टाकतात.

फक्त लाकडी दांड्याची, हलकी घ्या. आणि वाकण्याचा हात (म्हणजे लेझमीचा प्रकार) बसूनच.

फिजिओताई
माझ्या लक्षात कसं नाही आलं हे! आवाज स्वतःच्या हातातूनच येतो, म्हणजे ठोका सोबत घेऊन फिरायचा. मात्र चालताना दोन्ही हात अडकलेले नकोत, पडायला आलं तर धरायला हात मोकळा हवा. खुर्चीतच.

निशिगंध (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. विचारलं. अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "कराडला तालुक्याच्या स्पर्धेत पुढच्या रांगेत होतो." सासूबाईंना लग्नाला ४६ वर्षं होऊन हे माहीत नव्हतं.

दारात लाल पट्टी लावली. चालतेय, दहातून सहा-सात वेळा. कामवाल्या मावशींनी दोनदा पुसताना काढून टाकली.

शनिवारी 'नुसतं सोडायला चला' म्हणून नेलंय. दारातच बसून राहिले. पुढच्या वेळी बघू.

नवखा_सभासद
माझ्या आईला डिमेन्शिया आहे. नाचाने तो होत नाही असं वाचलं. खरं का?

अभ्यासू
न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांचा बरीच वर्षं मागोवा घेतला होता, २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शरीराच्या हालचालींच्या छंदांमध्ये एकट्या नाचाचा डिमेन्शियाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला. पण ज्यांचा मेंदू आधीच ठणठणीत तेच नाचायला जात असतील, हीही शक्यता उरतेच. आणि झालेल्या आजाराबद्दल तो अभ्यास काही सांगत नाही. आईंना जुनी गाणी लावून हात धरून हलवून बघा, त्यासाठी अभ्यासाची वाट बघू नका.

परदेशी_पाहुणा
निशिगंध, काही बातमी?

निशिगंध (धागाकर्ती)
हो, अडीच महिने झाले, लिहायचं राहूनच गेलं.

पहिले तीन शनिवार अण्णा दाराजवळच्या खुर्चीत, हाताची घडी घालून. चौथ्या वेळी मी लेझीम पिशवीत घालून नेली आणि त्या मुलीच्या हातात दिली. तिला ती धरताही येईना, उलटी धरली. अण्णांनी पाच मिनिटं सहन केलं. मग म्हणाले, "अहो बाई, साखळी तुमच्याकडे नाही, समोर." आणि उठले. उठताना अडले, व्हीलचेअरवरच्या एका मुलीने आपल्या खुर्चीची दांडी पुढे केली, तिला धरून उठले. मधल्या खुर्चीत बसून सगळ्यांना पहिला हात शिकवला. शिकवताना आवाज चढला होता, एरवी त्यांचा आवाज आम्हाला दोनदा विचारावा लागतो. नवरोबा न्यायला आले होते, बाहेर बूट घालून उभे राहिले, आत आलेच नाहीत. घरी येताना गाडीत अण्णा काही बोलले नाहीत, पण पुढच्या शनिवारी पाऊण तास आधी आवरून तयार.

बरे झाले का? नाही. हात तसाच कापतो. मागच्या पंधरवड्यात एक गोळी वाढवली. दारात अजून अडतात.

शंकासूर
मोजलंत का? किती वेळा अडतात, आधी आणि नंतर?

निशिगंध (धागाकर्ती)
तुम्ही विचारणार हे माहीत होतं. मी नाही, अण्णांनीच मोजलंय. धरणाच्या पातळ्या लिहिण्यात उभी हयात गेली, त्यांनी पहिल्या शनिवारपासून वही घातलीय. तारीख, गोळीची वेळ, किती वेळा अडलो, शेरा. पहिल्या आठवड्यात ३१. मधे एका आठवड्यात ३८ (शेरा: सर्दी). मागच्या आठवड्यात २४, पण त्यात नवी गोळीही आहे.

शंकासूर
म्हणजे श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही. अण्णांना माझा नमस्कार सांगा. वहीत गोळी बदलल्याच्या तारखेला लाल रेघ मारायला सांगा.

निशिगंध (धागाकर्ती)
मारलेली आहे. आणि शेवटच्या चार शनिवारांपुढे शेऱ्यात एकच शब्द आहे, 'खेळलो'.

भाषावेडा
!!!

बंडोपंत
लेझीम कुठून आणलीत? चकत्यांची की घुंगरांची? आमच्याही बापूंना पाहिजे, त्यांना काही झालेलं नाही, पण हा धागा वाचून दाखवल्यापासून मागे लागलेत.

निशिगंध (धागाकर्ती)
चकत्यांची. शाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून. घेताना शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आमच्या खालच्या मजल्यावरून दुपारच्या झोपेबद्दल निरोप आलाय.